काटे नाचतात म्हणून पॅनेल बदलू नका: जुन्या मोटरबोटीच्या मीटरांचं वायरिंग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवी मुंबईतल्या दिवाळे जेट्टीवर उभी असलेली एक जुनी चोवीस फुटी फायबरची बोट तुम्ही घेतलीत. आत डिझेल इनबोर्ड इंजिन, सिस्टीम १२ व्होल्टची. पॅनेलवर पाच मीटरं आहेत: डिझेल, टेम्परेचर, ऑइल, आरपीएम आणि एक जुनाट अँपिअर मीटर. डिझेलचा काटा कायम 'फुल'च्या पलीकडे. ऑइलचा काटा चावी फिरवताच, इंजिन सुरू व्हायच्या आधीच, टोकाला जाऊन बसतो. संध्याकाळी लाइट लावले की टेम्परेचर चढतं, बंद केले की उतरतं. आरपीएम मीटर आधी मेलेलं असतं आणि एकदा जोरात रेस दिली की जिवंत होतं. मेकॅनिकने सांगितलं, सगळं पॅनेलच बदला. बदलायचं का?

नाही. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही सांगितलेल्या चारही लक्षणांत मीटर स्वतः बिघडल्याची खूण मला एकही दिसत नाही. नवीन पॅनेल याच वायरींवर बसवलंत तर नवे काटेही असेच नाचतील, आणि तेव्हा मेकॅनिक म्हणेल, माल डुप्लिकेट निघाला.

लाइटपासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेक सगळं दडलेलं आहे.

मीटरच्या मागे तीन खुंट्या असतात. एकीवर चावीतून आलेला पॉझिटिव्ह, दुसरीवर निगेटिव्ह, तिसरीवर सेंडरची वायर. दिव्याचं कनेक्शन वेगळं. सेंडर म्हणजे इंजिनावर किंवा टाकीवर बसलेला एक बदलता रेझिस्टन्स. त्याचं एक टोक वायरीने मीटरला येतं आणि दुसरं टोक, बहुतेक वेळा, त्याच्या पितळी अंगातून थेट इंजिनाच्या बॉडीला. आतल्या कॉइलींमध्ये करंट कसा वाटला जातो त्यावर काटा कुठे थांबायचा ते ठरतं. आजकालच्या बऱ्याच मीटरांत ही रचना अशी असते की पॉझिटिव्ह १२ व्होल्ट असो की अल्टरनेटर चालू झाल्यावर १४, काट्याला फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही कॉइलींवर सारखाच परिणाम होतो. पण निगेटिव्हच्या बाबतीत ही माफी नाही. मीटरचा निगेटिव्ह आणि सेंडरचा निगेटिव्ह, म्हणजे इंजिनाची बॉडी, हे दोन्ही एकाच पातळीवर असतील असं मीटर गृहीत धरून चालतं. ती पातळी अर्ध्या व्होल्टाने जरी सरकली तरी मीटरला वाटतं, सेंडरचा रेझिस्टन्स कमी झाला.

तुमच्या बोटीत काय झालंय ते मी न बघता सांगू शकतो, कारण खाडीतल्या निम्म्या बोटींत हेच असतं. पॅनेलला मागून एकच बारीक निगेटिव्ह वायर आलेली आहे. तिच्यावर मीटरं, लाइट, हॉर्न, कदाचित बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, पंपसुद्धा. मीटरांचा निगेटिव्ह एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा माळेसारखा ओवलेला. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटर वायरीचा रेझिस्टन्स साधारण ०.०९ ओहम भरतो. त्यातून लाइटचे ५ अँपिअर गेले की ०.४५ व्होल्ट तिथेच गेले. हे नव्या वायरीचं गणित झालं. मधले दोन हिरवे पडलेले जॉइंट धरले तर व्होल्टभर सहज जातो. टेम्परेचरच्या सेंडरचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कमी होतो, त्यामुळे निगेटिव्ह वर सरकला की काटा गरम बाजूला जातो. लाइट लावल्यावर इंजिन तापत नाही, पॅनेलचा निगेटिव्ह वर उचलला जातो.

युरोपियन पद्धतीच्या मीटरांत तर आणखी मजा होते. त्यात ऑइल प्रेशर वाढलं की सेंडरचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणजे तोच खराब निगेटिव्ह टेम्परेचर वर नेतो आणि ऑइल खाली आणतो, दोन्ही एकाच क्षणी. अंधारात वाशी पुलाच्या खाली हे दोन काटे असे फिरले तर माणूस इंजिन बंद करतो, आणि मग ओहोटीच्या पाण्यात बोट वाहत जाते ती वेगळीच.

तपासायला मल्टिमीटर लागेल, साधा चालेल. डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा. लाल टोक टेम्परेचर मीटरच्या निगेटिव्ह खुंटीवर, काळं टोक एका लांब वायरीने थेट इंजिनाच्या ब्लॉकवर, खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. चावी चालू, लाइट बंद: आकडा बघा. आता लाइट, हॉर्न, पंप एकेक करून लावा. ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर माझं निदान चुकलं असं समजा. उडी मारून ०.४, ०.६ असा गेला तर रोग सापडला. मग तेच काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर ठेवून बघा. ब्लॉकवरचा आणि पोलवरचा आकडा एकमेकांपासून बराच वेगळा आला तर बॅटरीपासून इंजिनापर्यंतची जाड केबलच ढिली किंवा कुजलेली आहे, आणि ती आधी दुरुस्त करायची.

हे मी आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. ती जाड केबल खराब असताना सेल्फ मारला की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट तुमच्या मीटरांच्या बारीक निगेटिव्ह वायरी असू शकते. पॅनेलमागून धूर निघतो तो असा. लोक मीटर जळालं म्हणतात. जळायची सुरुवात बॅटरीच्या लगपाशी झालेली असते.

दुरुस्ती साधी आहे. इंजिनावर जिथे बॅटरीचा निगेटिव्ह येतो त्याच बोल्टवरून एक वेगळी वायर, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरची, फक्त मीटरांसाठी पॅनेलपर्यंत न्या. पॅनेलमागे पितळेचा टिन केलेला छोटा बस बार, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी, बसवा आणि प्रत्येक मीटरचा निगेटिव्ह त्यावर स्वतंत्र आणा. माळ ओवू नका. लाइट, हॉर्न यांची परतीची वायर वेगळी. बिल्ज पंपाचा निगेटिव्ह पॅनेलला कशाला आणायचा, तो थेट बॅटरीकडच्या बस बारवर न्या. एवढ्यानेच तुमचं टेम्परेचर मीटर सुधारेल अशी माझी अपेक्षा आहे.

आता डिझेल आणि ऑइल. दोन्ही काटे टोकाला. इथे आधी तुमची मीटरं कुठल्या जातीची आहेत हे ठरवायला हवं, कारण दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट वागतात. अमेरिकन पद्धतीत डिझेलच्या टाकीचा सेंडर रिकाम्याला २४० ओहम आणि भरल्यावर ३३ ओहम देतो. युरोपियन पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. ऑइल प्रेशरचंही तसंच: अमेरिकन सेंडर शून्य प्रेशरला २४० वरून खाली येतो, युरोपियन १० वरून वर १८४ पर्यंत चढतो. जपानी इंजिनांचे आकडे आणखी निराळे, तिथे इंजिनाच्या पुस्तकाशिवाय हात घालू नये.

जात ओळखायची सोपी युक्ती: चावी चालू ठेवून डिझेल मीटरच्या मागची सेंडरची वायर काढा. वायर काढताच काटा शून्याखाली पडला तर मीटर २४०-३३ जातीचं आहे, आणि ती वायर किंवा सेंडर कुठेतरी बॉडीला शॉर्ट आहे. काटा होता तिथेच टोकाला राहिला तर मीटर बहुधा १०-१८० जातीचं आहे आणि त्याला सेंडर दिसतच नाहीये, म्हणजे सर्किट कुठेतरी उघडं आहे. खात्रीसाठी वायरीच्या एका तुकड्याने सेंडरची खुंटी आणि निगेटिव्हची खुंटी मीटरमागेच क्षणभर जोडा. १०-१८० वाल्याचा काटा रिकाम्याकडे पडायला हवा. पडला तर मीटर धडधाकट. हा प्रयोग मीटरमागेच करायचा, टाकीपाशी ठिणगी पाडायची नाही. पेट्रोलची बोट असेल तर टाकीच्या कप्प्यात हात घालण्याआधी झाकणं उघडून वारा जाऊ द्यावा आणि बॅटरी तोडूनच सेंडरच्या नटाला पाना लावावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये बसून राहते.

तुमची दोन्ही मीटरं टोकाला आहेत यावरून मला युरोपियन जात आणि उघडं सर्किट हीच शक्यता जास्त वाटते. डिझेलच्या बाबतीत पहिला संशय टाकीवर. फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीला बॉडी अर्थ नसतो. सेंडरच्या फ्लँजला स्वतःची निगेटिव्ह वायर लागते, आणि ती वायर फ्लँजच्या एका स्क्रूखाली दाबलेली असते. तो स्क्रू गंजतो, वायर गळून पडते, काटा 'फुल' दाखवत राहतो. टाकीचं झाकण काढा, सेंडरच्या दोन्ही वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर लावून मधली खुंटी आणि फ्लँज यांच्यात मोजा. टाकीत किती डिझेल आहे त्या मानाने आकडा १० ते १८० किंवा ३३ ते २४० यांच्यात कुठेतरी यायला हवा. अनंत आला तर सेंडर गेला. आकडा नीट आला तर सेंडर ठीक, वायर बघा.

सेंडर बदलायची वेळ आलीच तर नवा घेताना जात जुळवूनच घ्या. बाजारातून गाडीचा सेंडर आणून बसवलेल्या बोटी मी बघतो. डिझेल संपत जातं तसा काटा वर चढतो. तिथे दोष कोणाचाच नसतो, दोन भाषा बोलणारे दोघे समोरासमोर बसवलेले असतात. आणखी एक, फ्लोटच्या दांडीची लांबी टाकीच्या खोलीप्रमाणे लावून घ्यायची असते, नाहीतर दहा लिटर उरलेले असतानाच काटा तळाला टेकतो. फायबर बोटीची टाकी तळाशी निमुळती असते, म्हणून अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी असं नसतं. टाकी रिकामी असेल तेव्हा दहा-दहा लिटर भरत काटा कुठे येतो ते मार्करने मीटरच्या काचेवर नाही, एका कागदावर टिपून ठेवा.

ऑइलच्या सेंडरची तपासणी इंजिनावर करायची. वायर काढा, चावी चालू करा, ती वायर ब्लॉकला टेकवा. काटा शून्यावर आला तर वायर आणि मीटर दोन्ही बरे, सेंडर किंवा त्याचा अर्थ खराब. काटा हललाच नाही तर मधे वायर तुटली आहे. मधे म्हणजे जवळजवळ नेहमी इंजिनाजवळच्या बहुपिनी प्लगमध्ये. तो उघडलात की आतल्या पिना हिरव्या पावडरीने भरलेल्या दिसतील. असा प्लग मी साफ करून परत बसवत नाही. कापून टाकतो आणि त्या जागी बंद डब्यात टर्मिनल स्ट्रिप लावतो.

सेंडरच्या अर्थाचा एक मानवनिर्मित रोग आहे: टेफ्लॉन टेप. प्लंबरसारखी चार-पाच वेढे टेप गुंडाळून सेंडर आवळला की तो ब्लॉकपासून इन्सुलेट होऊ शकतो. आटे निमुळते असतील तर सीलंटचा अगदी पातळ हात पुरतो आणि पहिले एक-दोन आटे कोरडे ठेवायचे. टेप लावलाच असेल तर सेंडरच्या षटकोनी अंगापासून ब्लॉकपर्यंत ओहम मोजा, शून्याजवळ हवा. आटे जुळत नसतील तर जोर करू नका. इंचाचे निमुळते आटे आणि मेट्रिक आटे पहिल्या दोन फेऱ्या एकमेकांत सहज जातात, तिसऱ्या फेरीला ब्लॉकचे आटे खातात.

काही इंजिनांत, विशेषतः अॅल्युमिनियमच्या बोटींत, निगेटिव्ह मुद्दाम ब्लॉकपासून वेगळा ठेवलेला असतो. तिथले सेंडर दोन खुंट्यांचे असतात. दोन खुंट्या दिसल्या म्हणून लगेच तसा निष्कर्ष काढू नका मात्र. व्हीडीओ (VDO, मीटर बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीच्या सेंडरांवर 'जी' आणि 'डब्ल्यूके' अशा दोन खुंट्या असतात, त्यातली 'जी' मीटरची आणि 'डब्ल्यूके' धोक्याच्या बझरची. या दोन उलट लावल्या तर मीटर एक तर मेलेलं दिसतं नाहीतर दोनच जागा दाखवतं.

बझरचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच सांगतो: खाडीत बोट चालवणाऱ्याला मी मीटरांपेक्षा बझरवर जास्त खर्च करायला सांगेन. सुकाणू धरलेल्या माणसाचे डोळे पुढच्या जाळ्यांवर, खांबांवर, उथळ चिखलावर असतात, पॅनेलवर नसतात. ठाणे खाडीत गाळ आणि प्लास्टिक किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या तोंडाशी एक पिशवी चिकटली की पाणी बंद. आणि इथे टेम्परेचर मीटरचा एक कावा आहे: सेंडर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो पाण्याचं तापमान सांगतो. इंजिनातलं पाणीच गेलं तर सेंडर हवेत लटकतो आणि काटा नॉर्मलच्या आसपास किंवा खालीच राहू शकतो, तिकडे हेड वाकत असतं. म्हणून ओल्या एक्झॉस्टच्या, म्हणजे धुरात थंड करणारं पाणी सोडलेल्या, रबरी नळीवर तापमानाचा वेगळा अलार्म बसवून घ्या. पाणी बंद झालं की ती नळी काही क्षणांत तापते, इंजिनाच्या कितीतरी आधी ओरडते.

ऑइलच्या बझरचा एक फायदा असा की तो रोज आपोआप तपासला जातो. प्रेशर नसताना स्विचची आतली टोकं जोडलेली असतात, म्हणून चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी बझर वाजलाच पाहिजे. चावी फिरवली आणि शांतता, तर खूश होऊ नका, बझरचं सर्किट तुटलंय. मीटर आणि स्विच दोन्ही बसवायला लोक ब्लॉकवर पितळेचा टी लावून त्यावर दोन सेंडर चढवतात. डिझेल इंजिनाच्या थरथरीत तो टी मानेशी चिरतो आणि सगळं ऑइल बिल्जमध्ये. एकाच अंगात मीटर आणि बझर दोन्ही असलेला सेंडर घ्या, किंवा टी बाजूच्या भिंतीवर बसवून प्रेशरच्या नळीने जोडा.

टेम्परेचरचा सेंडर खात्रीसाठी घरीच तपासता येतो. व्हीडीओ पद्धतीचा १२० अंशांचा सेंडर ४० अंशांना सुमारे २९० ओहम, ८० ला ७० च्या जवळ, ९० ला ५० च्या जवळ आणि उकळत्या पाण्यात ४० च्या आत दाखवतो. पातेल्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. थेट खारं पाणी फिरणारी इंजिनं मुद्दाम थंड, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास चालवतात, नाहीतर क्षार बसतात. हीट एक्स्चेंजर असलेली, म्हणजे आत गोडं पाणी फिरून ते खाऱ्या पाण्याने थंड होणारी, ऐंशी-नव्वदवर चालतात. तुमचं इंजिन यातलं कुठलं ते आधी बघा, नाहीतर साठवर थांबलेला काटा बघून चांगला थर्मोस्टॅट काढून टाकाल.

आरपीएम मीटरचं कोडं मला सगळ्यात आवडलं. रेस दिल्यावर जिवंत होणं ही अल्टरनेटरची तक्रार आहे, मीटरची नाही. डिझेल इंजिनाला स्पार्कची कॉइल नसते, त्यामुळे आरपीएमचा सिग्नल अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' खुंटीवरून घेतात. अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला थोडा करंट बाहेरून लागतो, आणि तो करंट पॅनेलवरच्या लाल चार्जिंग दिव्यातून जातो. तो दिवा म्हणजे नुसती खूण नव्हे, सर्किटचा भाग आहे. बल्ब उडालेला असेल, किंवा आधीच्या मालकाने हौसेने तिथे एलईडी लावला असेल, तर करंट पुरत नाही. मग अल्टरनेटर झोपलेला राहतो, आणि जोरात फिरवल्यावर आतल्या उरलेल्या चुंबकत्वावर कसाबसा उठतो. तो उठला की 'डब्ल्यू'वर सिग्नल येतो आणि काटा हलतो. चावी चालू केल्यावर तुमचा लाल दिवा लागतो का, एवढं बघा. लागत नसेल तर २ ते ३ वॅटचा साधा बल्ब लावा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर योग्य वॅटचा रेझिस्टर लागेल, १२ व्होल्टला ५० ते १०० ओहमच्या दरम्यान, ५ वॅटचा.

मग आकडा बरोबर यायला हवा. बऱ्याच अल्टरनेटरांना १२ पोल असतात, म्हणजे त्याच्या एका फेऱ्याला ६ पल्स. क्रँकची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्याला १२. मीटरमागचा स्विच किंवा स्क्रू त्याप्रमाणे लावा आणि चकाकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने पुलीवर पडताळा. एक फुकटचा फायदा: बेल्ट घसरायला लागला की आरपीएमचा काटा लटपटतो आणि तुम्हाला आधी कळतं. आउटबोर्डवाल्यांचा, म्हणजे इंजिन बोटीच्या मागे टांगलेल्यांचा, सिग्नल स्टेटरच्या चार्जिंग कॉइलवरून येतो, त्यांनी मीटरमागचा पोलचा स्विच इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे लावावा.

अँपिअर मीटर काढून टाका. हे एकच मीटर मी बदलायला सांगेन. जुन्या पद्धतीत चार्जिंगचा सगळा करंट इंजिनापासून पॅनेलपर्यंत जाऊन परत बॅटरीला येतो, तोही त्या मीटरच्या दोन ढिल्या नटांमधून. बोटीत आग लागायला याहून सोयीची जागा नाही. अल्टरनेटरची वायर जाड केबलने आणि फ्यूजने थेट बॅटरीकडे न्या आणि त्या भोकात व्होल्टमीटर बसवा. बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या वर, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, एवढं कळलं की पुरे. हे काम इंजिन बंद आणि बॅटरी तोडूनच करा. चालू अल्टरनेटरची वायर सुटली तर त्याचे डायोड जातात.

कोळीवाड्यातल्या मोठ्या बोटींवर ट्रकच्या जातीची २४ व्होल्टची इंजिनं असतात. तुमचं १२ चं आहे, पण शेजारच्या तांडेलाचं (बोटीच्या नाखव्याचं) बघून एक गोष्ट उचलू नका: दोन बॅटरींच्या मधून १२ व्होल्ट काढून फिशफाइंडर आणि मीटरं चालवणं. त्यात एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा.

वायर कुठली घ्यायची यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. घरगुती एफआर वायर नको. तिच्यातलं उघडं तांबं खारट हवेत वायरीच्या आत हातभर काळं पडत जातं, टोक कापून नवं काढलं तरी काळंच. टिन केलेली, बारीक तारांची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, सेंडरसाठी १.५ चौरस मिलिमीटर पुरते. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात विचारलंत तर मिळेल. दारूखान्यात जहाज तोडलेल्या मालातली केबल स्वस्त मिळते, जाड बॅटरी केबलसाठी ती घ्यायला हरकत नाही, पण टोक सोलून तांबं चकाकतंय का बघूनच पैसे द्या. जॉइंटला टिन केलेलं थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोपण), रॅचेटचा क्रिम्पिंग पाना आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. पक्कडीने चेपलेलं थिंबल आणि वर काळी टेप, हे पावसाळ्यापुरतंही टिकत नाही. नुसतं सोल्डरिंगही नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने तुटते.

मीटरांच्या पॉझिटिव्हला ५ अँपिअरचा फ्यूज, आणि पॅनेलला येणाऱ्या मुख्य वायरीला बॅटरीपासून हातभराच्या आत वेगळा फ्यूज. वायरी बिल्जच्या पाण्यापासून वर, बाजूच्या भिंतीने, दर दीड फुटाला क्लॅम्प लावून न्या. पॅनेलपाशी एक वळसा खाली सोडून मग वर आणा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी मीटरात न जाता वळशातून टपकतं. रंगांची अमेरिकन पद्धत पाळलीत तर पुढच्या माणसाला सोपं जातं: चावीचा पॉझिटिव्ह जांभळा, आरपीएम राखाडी, ऑइल फिकट निळा, टेम्परेचर मातकट, डिझेल गुलाबी, मीटरचे दिवे गडद निळे, निगेटिव्ह काळा किंवा पिवळा. इतके रंग मिळाले नाहीत तर नंबरांचे फेरूल (वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या) घाला आणि एका कागदावर नकाशा काढून, लॅमिनेट करून पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा.

घाई नसेल तर हे काम मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, काढा. तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात, जेट्टीवर हाताला माणूस मिळतो. फक्त पावसात उघड्यावर क्रिम्पिंग करू नका. ओली तार स्लीव्हमध्ये बंद केली तर गंज आतच कोंडून ठेवल्यासारखं होतं.

येत्या रविवारी तीन गोष्टी मोजा: लाइट चालू असताना मीटरच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंतचा व्होल्टेज, डिझेलच्या सेंडरचे ओहम आणि ऑइलच्या सेंडरचे ओहम, इंजिन बंद असताना. सोबत लाल दिवा लागतो की नाही तेही बघा. हे चार आकडे-निरोप कळवलेत की कुठला सेंडर घ्यायचा आणि घ्यायचा की नाही ते नेमकं सांगतो. तोवर मेकॅनिकला पॅनेलचे पैसे देऊ नका.